दीड मिनिटात फोन वाजेल!

डायनरच्या बाहेर चार दणकट गडी आडवे पडलेत, कण्हताहेत. आत काउंटरपाशी एक माणूस निवांत बसलाय. शेरीफ येतो, हाताखालच्या पोलिसाला घेऊन. बेड्या घालतो. माणूस हूं की चूं करत नाही. एवढंच सांगतो, की येत्या दीड मिनिटात दोन गोष्टी होणार आहेत. आधी तो तिकडचा फोन वाजेल, आणि मग याच बेड्या तुझ्या हातात पडतील. शेरीफला हसू येतं. आणि फोन वाजतो!

हे 'जॅक रीचर: नेव्हर गो बॅक'चं पहिलं दृश्य. चित्रपट २०१६ सालचा, एका यशस्वी चित्रपटाचा पुढचा भाग. पहिला भाग मी पाहिला नव्हता, कादंबऱ्यांना हात लावला नव्हता, जॅक रीचर हे नाव फक्त कानावरून गेलं होतं. पण तो फोन वाजला आणि मी गेलेच! इतक्या थोड्या वेळात एखादं पात्र इतकं पुरतं उभं राहिलेलं मी क्वचित पाहिलंय. मारामारी आपण येण्याआधीच संपलेली आहे. दिग्दर्शक आपल्याला फक्त तिचा निकाल दाखवतो, आणि मग दाखवतो या माणसाची खरी ताकद. त्याने सगळं आधीच शोधून काढलंय. शेरीफ माणसांच्या तस्करीत बरबटलेला आहे हे त्याला ठाऊक आहे, लष्करी पोलिसांना त्याने आधीच कळवलंय, ते कुठवर पोचलेत याचा हिशेबही मनात मांडून झालाय. म्हणजे हात चालतात ते डोकं चालून झाल्यावर. तपास आधी, ठोसा नंतर!

कोण हा माणूस? जॅक रीचर. अमेरिकेच्या लष्करी पोलीस दलातला एकेकाळचा मेजर. सैन्यातल्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ११०व्या विशेष तुकडीचा प्रमुख. ही तुकडी कादंबरीकाराने कल्पिलेली, पण तिच्यामागचं जग खरं आहे. सैनिक स्वतःच गुन्हेगार असेल, मारण्याचं शिक्षण घेतलेला असेल, तर त्याला पकडणारा त्याच्याहून सवाई हवा. रीचर तसा आहे. आणि आता तो कोणीच नाही. घर नाही, गाडी नाही, पत्ता नाही, बॅगही नाही. कादंबऱ्यांतला रीचर घडी होणारा टूथब्रश खिशात टाकून फिरतो. स्वस्तातले कपडे घ्यायचे, काही दिवस वापरायचे, मळले की टाकून द्यायचे आणि दुसरे घ्यायचे. हायवेवर अंगठा दाखवायचा, जी गाडी थांबेल तिच्यात बसायचं, ती नेईल तिथे उतरायचं. एवढा मोठा देश, आणि हा माणूस त्यात नुसता वाहतोय!

आपण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडचा वारसा सांगणारे वाचक. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद ज्यांनी रात्र रात्र जागून वाचला, त्यांना अचाट नायकांचं अप्रूप काय सांगायचं! मीही त्याच वाचनावर वाढले. म्हणून रीचरमध्ये काय नवं आहे ते मला लगेच जाणवलं. त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीच नाही. विकत काय घेणार त्याचं? धमकी कशाची देणार? नोकरी जाईल म्हणावं तर नोकरी नाही. घर जाळू म्हणावं तर घर नाही. जगातला प्रत्येक खलनायक समोरच्याची दुखरी जागा शोधतो, आणि इथे ती जागाच सापडत नाही. म्हणून हा माणूस अजिंक्य वाटतो. सहा फूट पाच इंच उंची आणि अडीचशे पौंड वजन, म्हणजे जवळजवळ ११३ किलो, हा कादंबरीतला देह त्यानंतर येतो.

मग मला रीचरला जन्म देणाऱ्या कादंबरीकाराची गोष्ट कळली आणि मी आणखीच हरखले. ली चाइल्ड हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ग्रँट, जन्म १९५४चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीचा, लहानपण गेलं बर्मिंगहॅममध्ये. अस्सल अमेरिकन वाटणारा हा भटक्या एका इंग्रजाच्या डोक्यातून आलाय! हा गृहस्थ मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये १९७७पासून कामाला होता. १९९५मध्ये कंपनीची फेररचना झाली आणि चाळिशीत त्याची नोकरी गेली. त्याने कागद आणि पेन्सिली आणल्या आणि कादंबरी लिहायला बसला. 'किलिंग फ्लोर' १९९७मध्ये आली आणि पहिल्या कादंबरीसाठीचा अँथनी पुरस्कार घेऊन गेली. पुढे दरवर्षी १ सप्टेंबरला नवी कादंबरी सुरू करायची हा त्याचा नेम झाला, आणि तो त्याने वर्षानुवर्षं पाळला.

आता रीचरकडे पाहा. शीतयुद्ध संपलं, अमेरिकेने सैन्य कमी केलं, आणि आयुष्य लष्करी तळांवर काढलेला हा माणूस बाहेर आला. वडील मरीन कोअरमधले, जन्म बर्लिनचा, बालपण जगभरच्या छावण्यांत, शिक्षण वेस्ट पॉइंटचं, नोकरी तेरा वर्षांची. मायदेश म्हणून ज्याची सेवा केली तो देश त्याने धड पाहिलेलाच नव्हता. नोकरीतून बाहेर काढलेल्या लेखकाने संस्थेतून बाहेर पडलेला नायक लिहिला, आणि त्याला कडवट केलं नाही, मोकळं केलं! ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्या माणसाचं सगळं गेलं त्याचं रडगाणं कोणीही लिहील. चाइल्डने त्याला हायवेवर उभं केलं आणि सांगितलं, जा, बघून ये.

आणि आता या दुसऱ्या चित्रपटाचं खरं मर्म. ज्याची दुखरी जागा सापडत नाही, त्याला ती जागाच देऊन टाकायची! एकदम दोन. एक स्त्री, जिचा आवाज त्याला आवडलाय, आणि एक मुलगी, जी कदाचित त्याची आहे.

आवाजाची गोष्ट आधी सांगते, कारण ती कादंबऱ्यांत इतकी सुंदर फुलवली आहे की मला राहवत नाही. २०१०च्या '६१ अवर्स'मध्ये रीचर साउथ डकोटाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत अडकलेला असतो. माहितीसाठी तो आपल्या जुन्या तुकडीला फोन करतो. पलीकडून बोलते मेजर सुझन टर्नर, त्याच्या जुन्या खुर्चीवर आता बसणारी अधिकारी. चेहरा नाही, भेट नाही, फक्त तारेवरचा आवाज. हुशार, उबदार, थोडा खट्याळ. आणि हा गडी ठरवतो की व्हर्जिनियाला जायचं आणि तिला भेटायचं. पण वाटेत नेब्रास्कात एक भानगड, मग आणखी एक, आणि प्रत्येक भानगडीची स्वतंत्र कादंबरी! २०१३च्या 'नेव्हर गो बॅक'मध्ये, म्हणजे मालिकेतल्या अठराव्या पुस्तकात, तो अखेर तिच्या दारात पोचतो. एका आवाजामागे अर्धा देश ओलांडलेला. आणि खुर्चीवर ती नसतेच. तिथे भलताच कर्नल बसलेला असतो, मॉर्गन नावाचा, आणि टर्नर तुरुंगात!

चित्रपट हा लांबचा प्रवास काही फोनकॉल्समध्ये गुंडाळतो, पण त्यातला गोडवा सांडू देत नाही. रीचर कुठल्याशा रस्त्यावरून फोन करतो, टर्नर ऑफिसातून बोलते, कामाच्या बोलण्यात हळूच थट्टा शिरते, तो तिला जेवायला येणार का म्हणून विचारतो. रीचर झालेला टॉम क्रूझ इतका साधा, इतका कमी बोलणारा मी पाहिला नव्हता. मग तो वॉशिंग्टनला येतो, आणि कळतं की टर्नरवर हेरगिरीचा आरोप आहे. अफगाणिस्तानात तिचे दोन सैनिक मारले गेलेत. ते एका खासगी लष्करी कंत्राटदार कंपनीच्या मागावर होते.

कंपनी काल्पनिक आहे, पण तिच्या पायाखालची जमीन खरी आहे. अफगाणिस्तानातल्या युद्धात अमेरिकेचं कितीतरी काम खासगी कंत्राटदारांकडे होतं. अनेक वर्षं तर तिथे गणवेशातल्या अमेरिकन सैनिकांपेक्षा कंत्राटी माणसंच जास्त होती. युद्ध संपत आलं की शस्त्रं, गाड्या, सामान परत आणायचं, मोजायचं, नोंदवायचं. त्या ढिगाऱ्यात काय लपवता येईल? आणि कुठून येतंय ते? ज्या देशाने कित्येक वर्षं जगातली बहुतांश अफू पिकवली, तिथून! हा धागा रीचर आणि टर्नर ज्या पद्धतीने ओढतात ते पाहण्याची मजा मी इथे घालवणार नाही. एवढंच सांगते, की उत्तर डोळ्यांसमोरच्या खोक्यात असतं, आणि ते पाहायला पोलिसी नजर लागते.

कादंबरीत तर याहून भन्नाट एक चाल आहे. रीचरवर सोळा वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या मृत्यूचा आळ येतो. पण तो तर आता नागरिक, सैन्य त्याला हात कसा लावणार? सोपं आहे. त्याला पुन्हा सेवेत बोलावून घ्यायचं! कायद्याच्या एका कलमाने भटका माणूस क्षणात पुन्हा मेजर होतो, सैन्याच्या ताब्यात येतो. ज्याला पत्ता नव्हता त्याला पत्ता दिला, आणि पत्ता म्हणजे तुरुंग. मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्याच्या मोकळेपणावर याहून अचूक घाव कुठला असेल?

आता टर्नर. कोबी स्मल्डर्सने ती केली आहे, आणि काय केली आहे! ती सुटका व्हायची वाट पाहत बसणारी बाई नाही. दोघं तुरुंगातून निसटतात आणि पहिल्या क्षणापासून ती त्याच्या बरोबरीने धावते, मारते, विचार करते. ती त्याच हुद्द्यावर आहे ज्या हुद्द्यावरून तो बाहेर पडला, आणि ती अजून सेवेत आहे. एका प्रसंगात रीचर सवयीने हुकूम सोडू लागतो आणि ती भडकते. सैन्यात इथवर यायला तिने काय काय सोसलंय ते ती त्याच्या तोंडावर फेकते. मला तो प्रसंग साऱ्या मारामाऱ्यांहून जास्त भिडला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लढाईतली सगळी पदं स्त्रियांना खुली केल्याची घोषणा डिसेंबर २०१५मध्ये झाली. चित्रपट आला पुढच्या ऑक्टोबरमध्ये. पडद्यावरचा तो संताप एका पात्रापुरता नव्हता, तो एका अख्ख्या पिढीच्या बायकांचा होता.

आणि दिग्दर्शक कोण हे पाहिल्यावर सगळं जुळून आलं. एडवर्ड झ्विक! 'ग्लोरी'वाला, 'द लास्ट सामुराय'वाला, 'ब्लड डायमंड'वाला. याच माणसाने १९९६मध्ये 'करेज अंडर फायर' केला होता. आखाती युद्धात मेलेल्या एका हेलिकॉप्टर वैमानिक स्त्रीला सर्वोच्च शौर्यपदक द्यायचं का, याचा तपास करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याची ती गोष्ट. लष्करी तपास आणि गणवेशातली स्त्री, हे दोन्ही धागे त्याच्या हातात वीस वर्षं आधीपासून होते. आणि पटकथेतला त्याचा जोडीदार मार्शल हर्सकोविट्झ हा त्याचा टेलिव्हिजनपासूनचा सोबती. दोघांनी १९९४मध्ये 'माय सो-कॉल्ड लाइफ' या मालिकेची निर्मिती केली होती. पंधरा वर्षांच्या मुलीचं मन इतक्या जवळून दाखवणारी ती मालिका आजही लोक आठवतात. या दोघांच्या हाती हाणामारीचा चित्रपट दिला, तर ते त्यात एक पंधरा वर्षांची मुलगी आणून तिच्याकडे लक्ष देणारच!

ती मुलगी म्हणजे सामंथा. डॅनिका यारोशने ती साकारली आहे. कुठल्याशा बाईने दावा केलाय की ही रीचरची लेक. त्याला ती बाई आठवत नाही, पण दावा कागदावर आहे, आणि शत्रूनेही तो कागद पाहिलाय. बस्स, सापडली दुखरी जागा! आता सामंथाला वाऱ्यावर सोडता येत नाही. तिला बरोबर घेऊन पळायचं म्हणजे हळू पळायचं, दिसेल असं पळायचं. ती दुसऱ्याच्या घरी वाढलेली, चोरीत हात साफ असलेली, कोणावर विश्वास न ठेवणारी, दारात शिरताना बाहेर जायच्या वाटा मोजणारी. रीचर तिच्याकडे बघतो आणि आपल्याला दिसतं की तो स्वतःलाच बघतोय. रक्ताचं नातं असेल नसेल, वळण तेच आहे. टर्नर तिला अंगावर आलेल्या माणसाला कसं झटकायचं ते शिकवते. तिघं एका हॉटेलच्या खोलीत कोंडलेली, वादावादी करणारी, जेवण मागवणारी. जगात ज्याचं कोणी नाही त्याला दोन दिवसांसाठी घर मिळतं, आणि घराबरोबर भीती मिळते.

पुष्कळ समीक्षकांना हा भाग पहिल्यापेक्षा मवाळ वाटला. रीचर कुटुंबात अडकला, असं त्यांचं म्हणणं. मला तर वाटतं चित्रपटाचा जीव तिथेच आहे! ज्याला गमावण्यासारखं काही नाही त्याचं शौर्य किती पाहायचं? तो जिंकणारच. ज्याला आजच काहीतरी मिळालंय आणि उद्या ते जाऊ शकतं, त्याची प्रत्येक मारामारी वेगळी होते. विमानातला प्रसंग पाहा. खच्चून भरलेलं विमान, मागावर असलेले मारेकरी त्याच विमानात, आणि रीचर त्यांना आवाज न करता आडवं करतो, कारण थोड्याच अंतरावर सामंथा बसली आहे. आधीचा रीचर गुद्दे मोजायचा. हा रीचर गुद्द्यांबरोबर तिच्यापर्यंतची पावलंही मोजतो.

आणि न्यू ऑर्लिन्स! चित्रपटाचं बरंचसं चित्रण लुइझियानात झालं, आणि शेवटची झुंज त्या शहराच्या हॅलोविनच्या मिरवणुकीत आणून सोडली आहे. सगळ्या गर्दीच्या तोंडावर मुखवटे. ढोल, बिगुलं, मशाली, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या, अरुंद गल्ल्या. मुखवट्यांच्या त्या समुद्रात तिघंही शोधतात आणि तिघांचाही शोध चालू आहे. मग छपरांवरची मारामारी. पॅट्रिक ह्यूसिंगरचा मारेकरी रीचरच्याच मुशीतला, तितकाच शिकलेला, तितकाच एकटा. फरक एकच. त्याच्यामागे कोणी नाही, आणि रीचरच्या मागे एक मुलगी आहे. छपराच्या कौलांवर कोपर, डोकं, गुडघे, पडणं, पुन्हा उठणं. इथे कुणी हवेत उडत नाही. प्रत्येक फटका लागतो, आणि लागलेला दिसतो. क्रूझ धापा टाकतो, रक्तबंबाळ होतो, वयाचा वाटतो. मी अक्षरशः उभी राहून पाहत होते!

चित्रपट ११८ मिनिटांचा. संपल्यावर मी मागे वळून २०१२चा पहिला भाग पाहिला. क्रिस्टोफर मॅक्वॉरीने दिग्दर्शित केलेला, 'वन शॉट' या कादंबरीवरचा, पिट्सबर्गमध्ये चित्रित झालेला. तो तपास म्हणून जास्त घट्ट आहे, आणि त्यात खलनायक कोण असेल, तर साक्षात जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झोग! पाच टोळभैरवांसमोर रीचर मारामारीचं गणित आधी मांडून दाखवतो आणि मग सोडवून दाखवतो, तो प्रसंग चुकवू नका. मग ॲमेझॉन प्राइमवरची 'रीचर' मालिका, २०२२पासूनची, ॲलन रिच्सनची. क्रूझच्या उंचीवरून कादंबऱ्यांच्या चाहत्यांनी केवढा गदारोळ केला होता! रिच्सनला पाहिल्यावर कळतं ते का. दार भरून टाकणारा माणूस. त्याने नुसतं उभं राहावं आणि खोलीतल्या सगळ्यांनी आपापले हिशेब बदलावेत. मला दोघंही हवेत. रिच्सनकडे कादंबरीतला देह आहे. क्रूझकडे या दुसऱ्या भागात कादंबरीतला एकटेपणा आहे.

कादंबऱ्या वाचायला घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा, त्यांतली वाक्यं आखूड आहेत आणि घड्याळ कायम चालू आहे. रीचरला म्हणे डोक्यातच वेळ कळते, मनगटावर घड्याळ लागत नाही. चाइल्ड मारामारीचे दोन सेकंद दोन पानं लिहितो आणि आपल्याला श्वास घेऊ देत नाही. तो सांगतो कुठला पाय पुढे आहे, वजन कुठे आहे, समोरचा कोणत्या हाताने मारणार. आणि मग अर्ध्या ओळीत सगळं संपतं. २०२०पासून तो आपला धाकटा भाऊ अँड्र्यू याच्याबरोबर मालिका लिहू लागला, पुढे कारभार भावाकडे सोपवायचा म्हणून. म्हणजे रीचर चालतच राहणार.

मला या माणसाने एक गोष्ट लख्ख दाखवली. मोकळं असणं आणि बेजबाबदार असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. रीचर कधीही निघून जाऊ शकतो. अंगठा दाखवला की गाडी थांबते. त्याला कोणी बांधलेलं नाही, वेतन नाही, शपथ संपली आहे. म्हणूनच तो जेव्हा थांबतो तेव्हा ते थांबणं इतकं मोलाचं होतं. टर्नरसाठी तो थांबला ते हुकूम होता म्हणून नाही. सामंथासाठी थांबला तेही कागदावर बाप म्हणून नाव होतं म्हणून नाही. निघून जाणं ज्याला सर्वांत सोपं आहे, तो थांबला!

तर ज्यांना रीचर अजून भेटला नाही त्यांचा मला हेवा वाटतो. तुमच्यापुढे अख्खा रस्ता आहे. मी सुरुवात दुसऱ्या भागापासून केली आणि तुम्हालाही तेच सांगेन, कारण तो आधी माणूस म्हणून भेटू दे, दंतकथा म्हणून नंतर भेटेलच. मग '६१ अवर्स' उघडा, त्या फोनवरच्या आवाजासाठी. मग त्या आवाजामागे निघालेल्या माणसाबरोबर 'वर्थ डाइंग फॉर' आणि 'अ वाँटेड मॅन', आणि मग 'नेव्हर गो बॅक'. माझ्या हाती आता 'किलिंग फ्लोर' आहे, थेट १९९७चं, सगळ्याची सुरुवात. पहिल्याच ओळीत त्याला अटक झाली आहे, आणि मला माहीत आहे की बेड्या घालणाऱ्यांची आता खैर नाही!